संगणकास अक्षर शिकवू या



संगणक हा विषय आपल्या शाळांतून आता नवा राहिलेला नाही. ज्या बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे, तेथील विद्यार्थ्यांस आज्ञावली म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आठवी-नववीतील पुष्कळ मुलांस पायथन भाषेतील दहा-वीस ओळी लिहिता येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु लिहिता येणे निराळे आणि रचिता येणे निराळे. मुलांच्या वह्या चाळून पाहिल्या, तर एकच लूप पाच ठिकाणी जसाच्या तसा उतरवलेला आढळतो. पहिल्या ठिकाणी चूक असेल, तर ती पाचही ठिकाणी इमानाने उतरलेली असते. निबंधात एकच वाक्य पाच वेळा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आपण टोकतो. येथे मात्र 'उत्तर बरोबर आले ना?' एवढेच विचारून पुढे जातो.

मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि मराठी शिकवतो. यंत्रशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, कारण यातील एक प्रश्न मराठीच्या शिक्षकाच्या अंगणातला आहे. माझे मत थोडक्यात असे : एकामागून एक येणाऱ्या घटकांवर काम करणारी लहान लहान साहाय्यक फंक्शने स्वतः लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांस लावली पाहिजे, आणि तिचा श्रीगणेशा मराठीच्या तासाला, अक्षरगणवृत्तांपासून व्हावा. हे न केल्यास संगणकाचे शिक्षण म्हणजे नुसती नक्कल होऊन बसेल, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपले अक्षर काय असते हे यंत्रास सांगण्याचे काम कोणा परक्यावर सोपवून आपण स्वस्थ बसू.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. विहिरीवरचा रहाट आजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. रहाट सगळी विहीर उपसून अंगणात ओतीत नाही. एक गाडगे वर येते, पन्हळीत रिते होते, मग दुसरे वर येते. बागेस पुरेसे पाणी झाले की बैल सोडावेत. विहिरीतले उरलेले पाणी विहिरीतच राहते. संगणकाच्या भाषेत ज्यास 'इटरेटर' म्हणतात, ते असे रहाटगाडगेच होय. 'पुढचा घटक दे' असे म्हटले की तो एक घटक देतो, पुन्हा म्हटले की त्याच्या पुढचा देतो, आणि घटक संपले की 'संपले' असे सांगतो. यापलीकडे त्याला काही करावे लागत नाही. फंक्शन म्हणजे एखाद्या कामाची रीत एकदा लिहून तिला दिलेले नाव. या रहाटाच्या तोंडाशी बसून प्रत्येक गाडग्यावर एखादे ठराविक काम करणारे, कोणी गाळणारे, कोणी मोजणारे, कोणी तीन-तीन गाडगी एकत्र करणारे असे जे फंक्शन, त्यास आपण येथे साहाय्यक फंक्शन म्हणू.

ही कल्पना तशी अर्ध्या शतकाची जुनी आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत बार्बरा लिस्कॉव्ह यांनी सहकाऱ्यांसह १९७०नंतरच्या दशकात 'क्लू' नावाची भाषा रचली, तीत इटरेटरला मानाचे स्थान होते. पुढे गिडो व्हॅन रॉसम यांच्या पायथन भाषेत २००१ साली इटरेटर आले, आणि २००३ साली त्यांवर काम करणाऱ्या तयार फंक्शनांचा 'इटरटूल्स' हा संग्रह तीत दाखल झाला. त्या संग्रहाच्या अधिकृत पुस्तिकेतच काही लहान फंक्शने 'रेसिपी', म्हणजे पाककृती, या नावाने छापलेली आहेत : ही आयती देत नाही, आपली आपण करून घ्या! त्यांपैकी शेजारच्या दोन-दोन घटकांच्या जोड्या देणारे 'पेअरवाइज' हे फंक्शन पुरती १५-२० वर्षे पाककृतीच होते; ते २०२१ साली मूळ संग्रहात घेण्यात आले. जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणात अशी साहाय्यक फंक्शने २०२५ साली आली. सांगावयाचे एवढेच की, वापरणारी माणसे आपापल्या गरजेपुरती जी लहान फंक्शने लिहीत होती, तीच कालांतराने भाषेचा भाग झाली. ज्यांची गरज कोणी बोलून दाखविली नाही, त्यांची फंक्शने मात्र कोणी लिहिली नाहीत. आपला प्रश्न येथूनच सुरू होतो.

'बेळगाव' हा शब्द घ्या. त्यात अक्षरे किती? पहिलीतील मूलही बोटे मोजून सांगेल : बे, ळ, गा, व, चार. पायथनला हाच प्रश्न विचारला तर उत्तर येते सहा. कारण १९९१ पासून जगभर रूढ होत गेलेल्या 'युनिकोड' या लिपिसंकेतात ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व अशी सहा निरनिराळी चिन्हे साठविली जातात, आणि यंत्राचा रहाट एका वेळी एक चिन्ह वर आणतो. यात यंत्राची चूक नाही. त्याला अक्षर ठाऊक नाही, चिन्ह ठाऊक आहे. शब्द उलटा करावयास सांगितला, तर ते 'वगाळबे' न देता 'वागळेब' देते : गा-चा काना व-ला जाऊन चिकटतो आणि बे-ची मात्रा ळ-च्या डोक्यावर जाऊन बसते. गंमत अशी की हा शब्द दिसावयास सुरेख दिसतो आणि म्हणूनच चूक ध्यानात येत नाही. 'निपाणी' उलटविल्यास मात्र आरंभीच एक निराधार दीर्घ वेलांटी लोंबकळताना दिसते. गाण्याच्या भेंड्यांचा खेळ संगणकावर मांडला आणि शेवटचे अक्षर मागितले, तर 'णी' न मिळता ती वेलांटीच हाती येईल. वेलांटीवरून गाणे कोणी सुरू करावे?

जोडाक्षरांची स्थिती याहून बिकट आहे. 'ज्ञानेश्वर' या शब्दात आपल्या हिशेबाने चार अक्षरे : ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या चिन्हांप्रमाणे ती दहा होतात. वाचकाला एकसंध दिसणाऱ्या चिन्हसमूहांचा एक सर्वसाधारण नियमही युनिकोडने केलेला आहे; परंतु तो पूर्वी हलन्तापाशी जोडाक्षर तोडीत असे, म्हणून त्याच्या हिशेबाने ज्, ञा, ने, श्, व, र अशी सहा अक्षरे होत. देवनागरी जोडाक्षर तोडू नये अशी सुधारणा त्या सर्वसाधारण नियमात २०२३ साली झाली. म्हणजे आपल्या पहिलीच्या मुलास जे ठाऊक आहे, ते जागतिक नियमात यावयास ३० वर्षांहून अधिक काळ लागला. हे कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्याची भाषा त्याने सांगावयाची असते, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा आपले पहिले साहाय्यक फंक्शन 'अक्षरे' हे असावे. चिन्हांचा रहाट त्याच्या हाती द्यावा आणि त्याने एक-एक अक्षर पुढे करावे. रीत अवघड नाही. हाती एक रिकामी ओंजळ धरावी. नवे चिन्ह मात्रा, काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल, तर ते ओंजळीत टाकावे. नवे चिन्ह व्यंजन असून ओंजळीतले शेवटचे चिन्ह हलन्त असेल, तर तेही ओंजळीतच टाकावे, कारण ते जोडाक्षर आहे. एरवी ओंजळीत काही असल्यास ते 'अक्षर' म्हणून पुढे द्यावे आणि नव्या चिन्हाने ओंजळ पुन्हा भरावयास घ्यावी. सगळी चिन्हे संपल्यावर ओंजळीत जे उरले असेल, तेही देऊन टाकावे. ही शेवटची पायरी विसरली, तर 'बेळगाव'चे 'बेळगा' होते, आणि प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर असेच नाहीसे होत जाते.

आता मराठीच्या तासाकडे वळू. अक्षराचा लघुगुरुविचार आपण सर्वजण शिकलेले आहोत. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, दीर्घ स्वराचे गुरू, अनुस्वार-विसर्गयुक्त अक्षर गुरू. आणि पुढे जोडाक्षर येऊन आघात होत असेल, तर मागचे ऱ्हस्व अक्षरही गुरू. 'निपाणी'त लघू, गुरू, गुरू. म्हणजे य गण. 'पणजी'त लघू, लघू, गुरू. म्हणजे स गण. 'चिक्कोडी' वरवर पाहता 'निपाणी'सारखाच वाटतो, परंतु पुढच्या 'क्को'च्या आघाताने 'चि' गुरू होते आणि तीन गुरूंचा म गण पडतो. म्हणजे 'चि'चे वजन ठरविण्यासाठी नुसते 'चि' हाती असून भागत नाही. पुढचे अक्षर डोकावून पाहावे लागते. रहाट तर एका वेळी एकच गाडगे देतो. म्हणून दुसरे साहाय्यक फंक्शन हवे : प्रत्येक अक्षर त्याच्या पुढच्या अक्षरासह देणारे. वर सांगितलेले 'पेअरवाइज' नेमके हेच करते. परंतु चार अक्षरांतून जोड्या तीनच निघतात, आणि शेवटच्या अक्षरास पुढे कोणी नसल्यामुळे ते कोणत्याच जोडीत पहिले म्हणून येत नाही. त्याचे वजन ठरावयाचेच राहून जाते. यावर उपाय सोपा आहे : ओळीच्या अखेरीस एक रिकामी खूण जोडावी, म्हणजे शेवटच्या अक्षरालाही सोबती मिळतो.

आयत्या फंक्शनास जे कळत नाही, ते याच ठिकाणी ध्यानी येते. 'तुझ्या' या शब्दात 'तु'नंतर जोडाक्षर आहे, परंतु मराठी उच्चारात आघात नाही, म्हणून 'तु' लघूच राहते. 'तुम्ही'चेही तसेच. 'पुस्तक'मध्ये मात्र 'पु' स्पष्टपणे गुरू होते. हा भेद चिन्हांत दिसत नाही. तो जिभेवर आहे. म्हणजे आपल्या फंक्शनास अपवादांची एक यादी द्यावी लागेल, आणि ती यादी करण्यासाठी विद्यार्थ्यास शब्द मोठ्याने म्हणून पाहावे लागतील. मराठीचा तास आणि संगणकाचा तास यांची अशी गाठ पडली, तर यापरते चांगले काय?

तिसरे फंक्शन तीन-तीन अक्षरांचे गट पाडणारे. येथे एका सापळ्याविषयी आधीच सावध करावेसे वाटते. पायथनमध्ये 'झिप' हे फंक्शन वापरून असे गट पाडण्याची एक प्रसिद्ध आणि सुटसुटीत युक्ती आहे. ती पूर्ण गट देते आणि अखेरीस उरलेली एक-दोन अक्षरे निमूटपणे टाकून देते. सूचना नाही, तक्रार नाही. भुजंगप्रयात वृत्तावर ही युक्ती तपासली, तर ती निर्दोष ठरेल, कारण त्यात चार य गण, म्हणजे नेमकी बारा अक्षरे असतात. परंतु शार्दूलविक्रीडितात म स ज स त त हे सहा गण आणि वर एक गुरू, अशी १९ अक्षरे. मंदाक्रांतेत म भ न त त हे पाच गण आणि वर दोन गुरू, अशी १७. तो गुरू आणि ते दोन गुरू युक्तीच्या चाळणीतून खाली पडतात, आणि वृत्त ओळखू येत नाही. २०२३ साली पायथनमध्ये आलेले 'बॅच्ड' हे फंक्शन अपुरा गटही शेवटी हाती देते, हे चांगले झाले. तथापि बोध कायम राहतो : साहाय्यक फंक्शन लिहिणाऱ्याने 'शेवटी उरले तर काय?' हा प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे, आणि केवळ सोयीच्या उदाहरणावर समाधान मानू नये.

गटांची आणखी एक तऱ्हा आहे आणि तिचे सर्वांत सुंदर उदाहरण आपण पाठांतरात म्हणत आलो आहोत. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आठवा. गणाचे नाव ज्या अक्षरावरून, त्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरे घेतली की त्या गणाचे लघुगुरू मिळतात. यमाता हा य गण, मातारा हा म गण, ताराज हा त गण, राजभा हा र गण, जभान हा ज गण, भानस हा भ गण, नसल हा न गण आणि सलगा हा स गण. येथे तिघांचे गट एकमेकांपासून तुटलेले नाहीत. तीन अक्षरांएवढी एक खिडकी एक-एक अक्षर पुढे सरकत जाते. दहा अक्षरांतून आठ खिडक्या निघतात. लघू आणि गुरू अशा दोन प्रकारांचे, तीन जागांवर, दोन गुणिले दोन गुणिले दोन असे आठच गण संभवतात, आणि आठही या सूत्रात एकेकदा येऊन जातात. शेवटची 'ल गा' आणि आरंभीची 'य मा' ही दोन्ही लघू-गुरूच आहेत. ती एकमेकांवर ठेवली, तर सूत्राची दोन टोके जुळून आठ अक्षरांची एक माळ बनते. अशा माळांचे गणित डच गणिती डी ब्रॉइन यांनी १९४६ साली मांडले, आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जातात. आपले सूत्र रचणाऱ्या अज्ञात पंडिताने हे गणित कोणत्या नावाने मनात धरले होते कोण जाणे. परंतु सरकत्या खिडकीचे साहाय्यक फंक्शन कसे असावे, याचे उदाहरण म्हणून याहून सुबक काही शोधून मिळणार नाही.

तेव्हा हे दोन मदतनीस निरनिराळे लिहावेत आणि त्यांना निरनिराळी नावे द्यावीत : 'तीनतीन' आणि 'सरकतीखिडकी'. सूत्र वाचावयाचे तर दुसरा हवा, कवितेचा चरण सोडवावयाचा तर पहिला. एकाच फंक्शनात दोन्ही कोंबून 'असे असेल तर असे, तसे असेल तर तसे' अशी अटींची गर्दी केली, की तो मदतनीस न राहता गोंधळ होतो. आणि नावांविषयी म्हणाल, तर पायथनच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनाचे नाव देवनागरीत ठेवता येते. 'लघुगुरू' हे नाव वाचल्यावर मुलाला जे कळते, ते कोणा परक्या शब्दाच्या तोडक्या आद्याक्षरांतून कळणार नाही.

आता सर्व मदतनीस एका रांगेत उभे करा. चिन्हे आली, 'अक्षरे'ने त्यांची अक्षरे केली, 'लघुगुरू'ने वजने ठरविली, 'तीनतीन'ने गट पाडले, 'गणनाम'ने प्रत्येक गटास नाव दिले. प्रत्येकाचे काम एकच, प्रत्येकास दुसऱ्याच्या पोटातले काही ठाऊक नाही, आणि तरी एका टोकाने कवितेचा चरण घातला की दुसऱ्या टोकाने वृत्ताची ओळख बाहेर पडते. उत्तर चुकले, तर कोणत्या मदतनिसापाशी चुकले हे प्रत्येकाचे काम वेगळे तपासून पाहता येते. शिवाय अभंगाचा अभ्यास करावयाचा झाल्यास नवे फारसे लिहावे लागत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची मोजणी असते. तेथे लघुगुरूंचे काम नाही. 'अक्षरे' हा मदतनीस मात्र जसाच्या तसा उपयोगी पडतो. शब्दकोड्यास तोच, भेंड्यांस तोच. एकदा नीट केलेले काम दहा ठिकाणी चालते आणि सुधारावयाचे झाल्यास एकाच ठिकाणी सुधारावे लागते. मुलांनी एकाच लूपच्या पाच नकला का करू नयेत, याचे उत्तर यात आले.

रहाटाचा दुसरा लाभही येथे दिसतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या एकदम उचलणे आजच्या संगणकास मुळीच जड नाही, हे खरे. परंतु आपणास केवळ एखाद्या विशिष्ट शब्दाने आरंभ होणारी पहिली ओवी हवी असेल, तर ती सापडताच रहाट थांबवावा. उरलेल्या ओव्यांना हात लावण्याचे कारण नाही. चांगला मदतनीस मागितल्यापेक्षा अधिक उपसत नाही.

मात्र रहाटाचा एक स्वभाव विसरता कामा नये : वर आलेले गाडगे रिते झाले की झाले. प्रथम अक्षरे किती हे मोजण्यासाठी सगळी अक्षरे ओढून घेतली आणि मग त्याच इटरेटरवर 'तीनतीन' लावले, तर एकही गट मिळणार नाही, कारण मोजणाऱ्यानेच पाणी संपविले. संगणक येथेही तक्रार करीत नाही. तो शून्य गट सौजन्याने पुढे करतो. म्हणून मदतनीस लिहिताना, आपण हाती घेतलेल्या क्रमातले किती खर्च करतो, हे त्याच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवावे. आणि दोनदा लागणारा मजकूर आधीच यादीत उतरवून ठेवावा.

आता आक्षेपांचा विचार करू. कोणी म्हणेल, 'हे सारे आयते मिळत असताना मुलांस कशास शिणवावे?' आयते मिळते ते अवश्य वापरावे; 'पेअरवाइज' आणि 'बॅच्ड' यांची नावे मी त्यासाठीच घेतली. परंतु आयत्या संग्रहात गण नाहीत, 'तुझ्या'तील आघात नाही. जेथे आयते संपते तेथपासून आपले काम सुरू होते, आणि आयते कोठे संपते हे ज्याने एकदा तरी स्वतः लिहून पाहिले आहे, त्यालाच कळते. दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे : 'आज मागताक्षणी फंक्शन लिहून देणारी यंत्रे घरोघर आहेत.' आहेत खरी, आणि ती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी दिलेले फंक्शन शार्दूलविक्रीडिताचा शेवटचा गुरू गिळते की नाही, हे कोणी तपासावयाचे? ज्याला १९ अक्षरे कागदावर मोजता येतात त्यानेच. उत्तर मागण्याची सोय जितकी वाढते, तितकी उत्तर पारखण्याची जबाबदारी वाढते.

तिसरा आक्षेप असा की, वृत्ते जुनी झाली. आजचे कवी मुक्तछंदात लिहितात. हे मान्य केले तरी अक्षर जुने झालेले नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी 'छंदोरचना' हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा पद्याच्या असंख्य ओळींचे लघुगुरू मोजण्यास त्यांच्यापाशी कागद, लेखणी आणि कान यांवाचून दुसरे साधन नव्हते. त्यांनी केलेल्या श्रमांचा एक लहानसा अंश आज यंत्रावर सोपविता येईल. कानाचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

आणि एक गोष्ट आपल्या या सीमाभागासाठी. माझी मातृभाषा कोंकणी. घरी आम्ही ती बोलतो, देवनागरीत लिहितो. शाळेत मी मराठी शिकवतो. आणि बाजारात, कचेरीत, शेजारी कन्नड ऐकतो. 'अक्षरे' हा मदतनीस मराठीसाठी लिहिला, की कोंकणीस तो बहुतेक तसाच लागू पडतो. कन्नड लिपीची चिन्हे निराळी, परंतु व्यंजन, स्वरचिन्ह आणि जोडाक्षर ही घडण तीच. चिन्हांचा तक्ता बदलला की मदतनीस तिकडेही चालू लागतो. शेजारच्या कन्नड शाळेतील मुलगाही हेच 'यमाताराजभानसलगा' सूत्र आपल्या लिपीत पाठ करतो. दोन शाळांतील दोन मुलांनी एकमेकांच्या वह्या ताडून पाहिल्या, तर दोघांनाही काही तरी मिळेल. भाषेच्या प्रेमासाठी दुसऱ्या भाषेशी भांडण असावेच लागते असे नाही. स्वतःच्या भाषेचे काम चोख करणे, हेही प्रेमच होय.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि तीस पैसा लागत नाही. प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी. तीत साहाय्यक फंक्शने लिहावीत. एका पानावर एकच. वर मराठीत नाव, खाली एका वाक्यात काम, त्याखाली दोन उदाहरणे : एक सोयीचे आणि एक अडचणीचे. 'अक्षरे'साठी 'बेळगाव' आणि 'ज्ञानेश्वर', 'लघुगुरू'साठी 'निपाणी' आणि 'तुझ्या', 'तीनतीन'साठी भुजंगप्रयात आणि मंदाक्रांता. ज्या मदतनिसाचे काम एका वाक्यात सांगता येत नाही, त्याचे दोन करावेत. जो एकदाच लागणार असेल, तो लिहूच नये. वर्षाअखेर ती वही पुढच्या इयत्तेच्या स्वाधीन करावी. पुढच्या मुलांनी तीत चुका शोधाव्यात, सुधाराव्यात, भर घालावी.

यंत्रास आपली भाषा येत नाही, अशी तक्रार आपण वारंवार ऐकतो. ती खरी आहे, परंतु तक्रारीने यंत्र शिकत नाही. आपल्याला जे पहिलीत शिकविले गेले, ते कोणी तरी धीराने, एका वेळी एक अक्षर घेऊन शिकविले. आता शिकविण्याची पाळी आपली आहे. पालकांनी सायंकाळी मुलांजवळ बसून एक प्रश्न जरूर विचारावा : 'ज्ञानेश्वर या शब्दात अक्षरे किती, आणि तुझ्या संगणकाच्या मते किती?' दोन उत्तरे निरनिराळी आली, तर त्या मुलास पहिला मदतनीस लिहिण्याचे कारण मिळाले असे समजावे.